कुही तालुक्याचा स्थानिक इतिहास : साधने, शोध आणि प्रसार

प्रस्तावना

नागपूर जिल्ह्याच्या इतिहासाचा अभ्यास करताना चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले मध्य प्रांताचे गॅझेटिअर (1870), आर. व्ही. रसेल यांचे नागपूर जिल्हा गॅझेटिअर (1908) आणि या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (1934) हे ग्रंथ प्रथम हाताशी घ्यावे लागतात. या ग्रंथांच्या काळात कुही हा स्वतंत्र तालुका नव्हता. तो उमरेड तहसिलाचा भाग होता. राजधानी नागपूर, तीर्थक्षेत्र रामटेक आणि तहसिलाचे ठाणे उमरेड यांच्या छायेत हा भाग राहिला. आजही या भागाचा इतिहास विचारला असता बहुतेक सुशिक्षित मंडळी आंभोऱ्याचे नाव घेऊन थांबतात.

पूर्व नागपुरातील लकडगंज हा लाकडाच्या बाजारपेठेचा परिसर. येथून जवळच्या इतवारी स्थानकातून 1908 मध्ये सुरू झालेली नॅरो गेज रेल्वे कुही, उमरेड, भिवापूर मार्गे नागभीडला जात असे. रुंदीकरणासाठी ती 2019 मध्ये बंद झाली. शहराचा आणि या ग्रामीण पट्ट्याचा संबंध असा शतकभराचा आहे. तरीही इतिहास विषय घेऊन पदवीला बसलेल्या विद्यार्थ्याला हडप्पा आणि हस्तिनापूर ठाऊक असते, अदम ठाऊक नसते. हा दोष विद्यार्थ्याचा मानता येणार नाही. प्रस्तुत लेखात कुही तालुक्यातील इतिहासाच्या साधनांचा विचार केला असून, त्यांतील सर्वांत उपेक्षित साधन कोणते, याकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न आहे.

जमिनीखालील साधने

अदम येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या वतीने अमरेंद्र नाथ यांनी 1988 ते 1992 या काळात उत्खनन केले. मध्याश्मयुगापासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचे पाच कालखंड तेथे उघड झाले. तटबंदी आणि खंदक असलेले हे नगर होते. तेथे मिळालेल्या एका मुद्रांकावर ब्राह्मी लिपीत ‘असकजनपदस’ अशी अक्षरे वाचण्यात आली आणि अदम विद्वानांच्या चर्चेत आले. उत्खननकर्त्यांनी आपल्या अहवालाच्या शीर्षकातच अदमला असिक जनपदाचे नगर म्हटले आहे.

येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात असिक, असक, मुळक आणि विदर्भ हे प्रदेश वेगवेगळे नोंदवले आहेत. शिवाय मुद्रा आणि मुद्रांक यांत भेद आहे. मुद्रा अधिकाऱ्याच्या हाती राहते. तिचा मातीवर उठलेला ठसा, म्हणजे मुद्रांक, पत्राबरोबर किंवा मालाबरोबर प्रवास करतो. त्यामुळे अदमला सापडलेला मुद्रांक त्या नगराचे नाव सांगतो, की त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या दुसऱ्या प्रदेशाचे, हा प्रश्न खुला ठेवणेच प्रस्तुत लेखकास उचित वाटते. उत्खनन 1992 मध्ये संपले आणि सविस्तर अहवाल 2016 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. या चोवीस वर्षांत गावातील एक संपूर्ण पिढी शाळा शिकून बाहेर पडली.

मांढळचे महत्त्व वेगळे आहे. तेथे रुद्रसेन दुसरा, प्रवरसेन दुसरा आणि पृथिवीषेण दुसरा या वाकाटक राजांचे ताम्रपट मिळाले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. अजय मित्र शास्त्री यांनी 1970 च्या दशकात तेथे उत्खनन केले. विटांच्या मंदिरांचे अवशेष आणि शैव मूर्ती उजेडात आल्या. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा वाकाटक लेखांचा प्रसिद्ध संग्रह 1963 चा. म्हणजे त्या संग्रहानंतरच्या वाकाटक संशोधनाला मांढळने नवी दिशा दिली. मांढळचा बाजार या भागात सर्वांना परिचित आहे. तेथील ताम्रपट मात्र फारच थोड्यांना परिचित आहेत.

जमिनीवरील साधने

वाकाटकांचे ताम्रपट हे दानपत्र असतात. दान दिलेल्या गावाचे नाव आणि बहुधा चारही दिशांच्या सीमा त्यांत दिलेल्या असतात. ही स्थळे आज कोठे आहेत, हे ठरवताना मिराशींसारख्या संशोधकांनी जुन्या नावांचा मेळ सध्याच्या गावांच्या नावांशी घातला. याचा अर्थ असा की, ताम्रपटाची किल्ली ताम्रपटात नसते. ती शिवारात असते. गाव, नाला, बोडी, टेकडी, ओस पडलेल्या गावाची रीठ यांची नावे हे पुराव्याचे अर्धे अंग आहे. मांढळच्या टेकड्यांना गावकरी ‘हुडकी’ म्हणतात, आणि उत्खननाच्या वृत्तांतातही तेच नाव आले आहे.

ही किल्ली आता हरवण्याच्या मार्गावर आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी 1988 मध्ये, म्हणजे अदमचे उत्खनन सुरू झाले त्याच वर्षी झाली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. तालुक्यातील नदीकाठची अनेक गावे बुडीत क्षेत्रात गेली. पुनर्वसित गावठाणाला गावाचे नाव मिळाले. पांदण, आखर, बांध्या यांची नावे तेथे जाण्याचे कारणच नव्हते.

आंभोऱ्याच्या बाबतीत हे अधिक जाणवते. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी यांच्या संगमावरील या क्षेत्री हरिनाथांची समाधी दाखवली जाते आणि मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ (शके 1110) येथेच रचला, अशी परंपरा आहे. अंबाजोगाईचाही तसाच दावा आहे. या वादात निकाल देण्याची घाई स्थानिक अभ्यासकाने करू नये. परंपरा कोणत्या घराण्यांनी, कोणत्या यात्रेच्या निमित्ताने जपली, याची नोंद हाच स्वतंत्र पुरावा आहे, आणि तो अजून मिळू शकतो.

लिखित साधनांत मालगुजारीच्या काळातील बंदोबस्ताची कागदपत्रे मोलाची आहेत. मालगुजारी 1951 मध्ये संपुष्टात आली. तलावांना मात्र ‘माजी मालगुजारी’ हे नाव आजतागायत चिकटून आहे. ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये गावाच्या पाण्याचे, चराईचे आणि सरपणाचे रिवाज नोंदलेले असतात. जुना नकाशा आणि ही नोंद समोर ठेवून वृद्ध शेतकऱ्याशी बोलल्यास जी माहिती मिळते, ती नुसत्या प्रश्नावलीने मिळत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. एकाच बोडीला दोन मोहल्ल्यांत दोन नावे असतात. दोन्ही लिहून घ्यावीत. कोणते खरे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

प्रसाराचा प्रश्न येथेच येतो. गोळा केलेली माहिती विद्यापीठात प्रबंधरूपाने जमा होते आणि ज्या गावातून ती आली तेथे परत जात नाही. शिवारनावांची हस्तलिखित यादी ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवणे, ग्रामसभेत ती वाचून दुरुस्त करून घेणे, यास फारसा खर्च येत नाही. अशी दुरुस्ती झालेली यादी समकक्ष परीक्षणापेक्षा कमी प्रतीची का मानावी, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही. बुडीत गावांपासून या कामाची सुरुवात व्हावी, कारण तेथील जुने शिवार पायी फिरलेली माणसे आता साठीच्या पुढे आहेत.