पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर : निगा आणि साठवण

ग्रास कटर, पेट्रोलचा : लांब दांड्याच्या एका टोकाला लहान इंजिन आणि दुसऱ्या टोकाला वेगाने फिरणारी नायलॉनची दोरी किंवा पोलादी पाते असलेले, खांद्याला पट्ट्याने अडकवून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र. बाजारात त्याला ब्रश कटर असेही म्हणतात. इंजिन बहुधा एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आणि दोन-स्ट्रोक असते. अलीकडे साधारण ३५ सीसीची चार-स्ट्रोक इंजिनेही रुळली आहेत.

फिरत्या दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात १९७१ मध्ये जॉर्ज बॅलास या उद्योजकाला सुचली. मोटारी धुण्याच्या यंत्रातले फिरते ब्रश पाहून त्याने पॉपकॉर्नच्या पत्र्याच्या डब्याला भोके पाडली, त्यांत मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा यंत्राने फिरवून पाहिला. पुढे हे यंत्र ‘वीड ईटर’ या नावाने विकले गेले. घरापुढची हिरवळ आणि झाडांचे बुंधे नीटनेटके ठेवणे एवढाच त्याचा मूळ हेतू होता.

कोकणात आणि गोव्यात मात्र हे यंत्र शेतीचे अवजार बनले. आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यात कमरेएवढे गवत माजते. पाऊस ओसरल्यावर ते कापून टाकले नाही, तर वाळल्यावर वणव्याला आयतेच सरपण मिळते. पूर्वी हे काम कोयत्याने होई. आता मजुरांची टंचाई असल्याने बहुतेक बागायतदार कटरवर विसंबतात. पात्याच्या बाजूला पत्र्याची आडणी बसवून काही ठिकाणी भातकापणीही याच यंत्राने होते. यंत्राचे खरे काम जूनपासून साधारण डिसेंबरपर्यंत चालते आणि नंतर ते चार-पाच महिने पडून राहते. बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिका हिवाळ्यातील साठवणीचा विचार करून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे यंत्र पडून राहते ते ऐन उन्हाळ्यात, आणि बाहेर निघते ते थेट दमट हवेत. म्हणून पुस्तिकेतल्या सूचना पाळायच्याच, पण इंधनाच्या बाबतीत अधिक कडक राहायचे. कटर कामाने क्वचितच बिघडतो. टाकीत राहिलेल्या पेट्रोलने तो हमखास बिघडतो.

दोन-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमध्ये वंगणाचे वेगळे तेल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल हेच पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंगचे वंगण. चांगल्या प्रतीच्या, म्हणजे जासो एफसी किंवा एफडी दर्जाच्या तेलाचे प्रमाण बहुतेक यंत्रांसाठी ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली असते. जुन्या किंवा साध्या यंत्रांसाठी २५ ला १, म्हणजे ४० मिली सांगितलेले असते. पुस्तिकेत असेल तेच प्रमाण खरे मानावे. मोटारसायकलचे चार-स्ट्रोकचे इंजिन ऑइल या मिश्रणात चालत नाही. बोटीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी केलेले तेलही नाही. ज्यांनी दोन-स्ट्रोक स्कूटर चालवली, त्या पिढीच्या हाताला हे माप ठाऊक होते. आज अनेक जण अंदाजाने झाकणभर तेल ओततात. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर प्लग आणि सायलेन्सर काजळतात. पाच-दहा रुपयांचे मापाचे प्लास्टिक भांडे इंजिनचा मोठा खर्च वाचवते, आणि एवढी साधी गोष्ट प्रत्येक विक्रेत्याने यंत्राबरोबर द्यायला हवी.

गेल्या काही वर्षांत इंधनाचा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. कटरच्या अनेक पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली आढळते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. उभ्या काचेच्या मापनळीत १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवले आणि थोडा वेळ स्थिर ठेवले, तर तळचा थर १० वर न राहता जवळजवळ ३० मिलीपर्यंत चढलेला दिसतो; पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरलेले असते. टाकीतल्या पेट्रोलमध्ये पुरेसे पाणी शिरले, की तिथेही असाच थर तळाशी बसतो. टाकीतील फिल्टर नेमका तळाशी लोळत असतो, आणि टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहते. त्यामुळे अशा वेळी इंजिनाला तेलाशिवायचे इंधन मिळते आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. उपाय सोपा आहे : आठवड्या-दोन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करावे, ते घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवावे, वापरण्यापूर्वी हलवावे आणि महिनाभराहून जुने मिश्रण यंत्रात घालू नये.

कटरच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलसारखा फ्लोट नसतो. यंत्र कसेही तिरपे धरले तरी इंधन पोचावे म्हणून त्यात पातळ पडदे बसवलेले असतात. एक पडदा क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारावर पंपासारखा हलतो, दुसरा आत जाणाऱ्या इंधनाचे माप सांभाळतो. पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि चिकट, पिवळट राळ मागे राहते. ती बारीक छिद्रांत बसते, पडदे कडक होतात. मग जूनमध्ये कितीही दोरी ओढली, तरी मशीन चालू होत नाही, किंवा चोकवर चालू होते आणि रेस दिली की बंद पडते. ही लक्षणे दिसली की कार्बोरेटर उघडून क्लीनरने धुणे आणि पडद्यांचा संच बदलणे हेच काम उरते. छिद्रांत तार घालू नये. छिद्र मोठे झाले तर मिश्रणाचे माप कायमचे बिघडते.

म्हणून साठवणीची सुरुवात टाकी रिकामी करण्यापासून. उरलेले मिश्रण गटारात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नये. शेवटच्या कापणीला ते संपेल असा हिशेब ठेवावा. नंतर रबरी फुगा दाबून नळीतले इंधन टाकीत परत घ्यावे आणि इंजिन मंद गतीवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. या वेळी पूर्ण रेस देऊ नये, कारण शेवटच्या थेंबांबरोबर वंगणही संपत असते. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून छिद्रातून चमचाभर टू-टी ऑइल सोडावे आणि दोरी दोन-तीनदा हळू ओढावी, म्हणजे तेल सिलिंडरच्या भिंतीला पसरते. छिद्रातून पिस्टन अगदी वर आलेला दिसला की थांबावे आणि प्लग परत बसवावा. पिस्टन वर असताना धुराचे दार झाकलेले राहते, त्यामुळे दमट हवा किंवा किडे सायलेन्सरमधून सिलिंडरमध्ये शिरत नाहीत.

काढलेला प्लग नीट पाहावा. इंजिनाची तब्येत तो बरीचशी सांगतो. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर सारे ठीक आहे. काळे आणि ओशट असेल तर तेल जास्त पडते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. पांढुरके असेल तर इंधन कमी आणि हवा जास्त मिळते आहे, आणि हे सर्वांत धोक्याचे. प्लगमधील अंतर साधारण ०.६ ते ०.७ मिमी असावे. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा; पेट्रोलने धुऊ नये. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असल्यास ती काजळीने बुजते आणि यंत्र दमल्यासारखे चालते. तारेच्या ब्रशने ती साफ होते. ती काढून टाकण्याचा सल्ला मानू नये. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते.

दांड्याच्या खालच्या टोकाला असलेल्या गिअरमध्ये २०-२५ तासांच्या कामानंतर लिथियम ग्रीस भरावे लागते. पाते धरणारा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे माहीत नसल्याने अनेक आटे मोडतात. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नये. नायलॉनची दोरी कोरडी पडली की ठिसूळ होते. हंगामाआधी ती दिवसभर पाण्यात भिजवून ठेवली तर कमी तुटते.

स्वच्छ पुसलेले दोन-स्ट्रोक यंत्र दांड्याने भिंतीला टांगावे. चार-स्ट्रोक यंत्र मात्र इंजिन सरळ राहील असे ठेवावे, नाहीतर क्रँककेसमधले तेल एअर फिल्टरकडे उतरते. साठवणीपूर्वी ते तेल बदलावे. युरिया किंवा मिठाच्या पोत्यांशेजारी यंत्र ठेवल्यास अॅल्युमिनियमला पांढरी बुरशी धरल्यासारखा गंज येतो. चुलीजवळ तर ते कधीच ठेवू नये. कोकणातील पडवीत आणि माळ्यावर उंदीर इंधनाची नळी व पट्ट्याची गादी कुरतडतात, तेव्हा उघड्या भिंतीवर, जमिनीपासून उंच टांगणेच बरे.

हंगामाच्या सुरुवातीला नळ्यांना चिरा पडल्या आहेत का, हे वाकवून पाहावे, सारे नट आवळावे आणि ताजे मिश्रण भरावे. सिलिंडरमधील तेलामुळे पहिली काही मिनिटे दाट धूर येतो, तो येऊ द्यावा. इंजिन मंद गतीवर असताना पाते स्थिर राहिले पाहिजे. ते फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करावा, आणि तरीही फिरत राहिले तर क्लच तपासून घेतल्याशिवाय यंत्र बागेत नेऊ नये.