घरगुती संगीत-सर्व्हरचा इतिहास : सिंगल बोर्ड संगणक आणि संगीतसंग्रहाची मालकी

प्रस्तावना

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग याने कोलकाता येथे गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले आणि भारतीय संगीत तबकडीच्या रूपाने घराघरांत पोहोचण्यास प्रारंभ झाला. तेव्हापासून ७८ फेऱ्यांची तबकडी, एलपी, कॅसेट आणि सीडी अशी माध्यमे क्रमाने बदलत गेली. परंतु एक गोष्ट कायम राहिली. विकत घेतलेले संगीत ही घरातील वस्तू होती. ती कपाटात ठेवता येत असे, शेजाऱ्याला ऐकण्यास देता येत असे आणि पुढील पिढीच्या हाती सोपविता येत असे. संगीत संगणकाच्या फाईलीत उतरल्यानंतर मात्र संग्रह ही वस्तू आहे की केवळ ऐकण्याचा परवाना, हा प्रश्न उपस्थित झाला. एका लहान सिंगल बोर्ड संगणकावर घरातील सर्व संगीत साठवून ते प्रत्येक खोलीत ऐकण्याची जी पद्धत गेल्या दशकात रूढ झाली, ती या प्रश्नाला सामान्य श्रोत्यांनी दिलेले एक उत्तर होय. प्रस्तुत निबंधात या पद्धतीच्या जडणघडणीचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

ध्वनीचे अंकीय रूप

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ध्वनीचे अंकीय रूप प्रमाणित केले. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह असतात. याचा अर्थ एका तासाच्या संगीतास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. नव्वदच्या दशकातील घरगुती संगणकाच्या दृष्टीने ही जागा फार मोठी होती. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एमपी३ पद्धतीने ही अडचण दूर केली. मानवी कानास सहसा न जाणवणारा भाग वगळून ही पद्धत फाईलीचा आकार सुमारे एक-एकादशांश इतका कमी करू शकत असे. मात्र वगळलेला भाग पुन्हा मिळविता येत नाही, ही तिची मर्यादा होती.

या मर्यादेवरील उपाय २००१ साली आला. जॉश कोल्सन यांनी सिद्ध केलेल्या फ्लॅक या पद्धतीत ध्वनीचा एकही बिट न गमावता फाईलीचा आकार बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. शिवाय ही पद्धत कोणासही विनामूल्य वापरण्यास खुली होती. ५०० तासांचे संगीत मूळ सीडीच्या गुणवत्तेत जतन करावयाचे असल्यास त्यास तीनशेहून अधिक गिगाबाइट लागतात. फ्लॅकमुळे तेच एका लहान बाह्य हार्ड डिस्कवर सहज सामावते.

सर्व्हर आणि वादक यांची फारकत

संग्रह एका ठिकाणी आणि वादन दुसऱ्या ठिकाणी, ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत कॅलिफोर्नियातील स्लिम डिव्हायसेस या कंपनीचे स्थान महत्त्वाचे आहे. शॉन अ‍ॅडम्स यांच्या या कंपनीने २००१ मध्ये स्लिमपी३ हे उपकरण आणले. त्यात हार्ड डिस्क नव्हती. घरातील संगणकावर चालणारी आज्ञावली फाईली पाठवीत असे आणि हे उपकरण त्यांचे ध्वनीत रूपांतर करीत असे. २००३ मध्ये स्क्वीझबॉक्स हे उपकरण आले. कंपनीचा सर्वांत दूरगामी निर्णय मात्र वेगळाच होता. सर्व्हरची आज्ञावली तिने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली. परिणामी जगभरातील हौशी प्रोग्रामर तिच्यात भर घालू शकले. २००३ मध्येच एमपीडी ही दुसरी मुक्त आज्ञावलीही उपलब्ध झाली.

या व्यवस्थेतील उणीव व्यवहाराची होती. संगीत ऐकण्यासाठी घरातील मोठा संगणक अहोरात्र चालू ठेवावा लागे. त्याचा वीजवापर, पंख्याचा आवाज आणि किंमत या तिन्ही बाबी मध्यमवर्गीय कुटुंबास परवडणाऱ्या नव्हत्या.

केंब्रिजचा लहान संगणक

ही उणीव ज्या साधनाने भरून काढली, ते संगीतासाठी निर्माण झालेलेच नव्हते. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या व प्रोग्रामिंगची पूर्वतयारी घटत असल्याचे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. १९८१ च्या बीबीसी मायक्रो संगणकाने ब्रिटनमधील शाळकरी मुलांना जी संधी दिली, ती नव्या पिढीस मिळावी या हेतूने त्यांनी रास्पबेरी पाय फाउंडेशनची स्थापना केली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या पहिल्या मॉडेल बी संगणकाची किंमत ३५ डॉलर, स्मृती २५६ मेगाबाइट आणि विजेची गरज सुमारे साडेतीन वॅट होती. पंखा नसल्याने तो पूर्णतः निःशब्द होता.

विद्यार्थ्यांसाठी केलेला हा संगणक संगीतप्रेमींनी तत्काळ आपलासा केला. कारण फाईल वाचून ती घरातील जाळ्यावर पाठविणे हे काम फार कमी गणनशक्तीचे आहे. सीडीच्या गुणवत्तेचा प्रवाह सेकंदाला सुमारे १४ लाख बिटांचा असतो, तर त्या संगणकाचे जाळे सेकंदाला १० कोटी बिटांपर्यंतचे होते. अडचण होती ती ध्वनीच्या दर्जाची. मॉडेल बी वरील हेडफोनचा ध्वनी साधारण प्रतीचा होता. २०१४ च्या मॉडेल बी प्लसवर ४० पिनांची जोडणी आली आणि अंकीय ध्वनीचे विद्युत्-तरंगात रूपांतर करणारे स्वतंत्र लहान फलक थेट त्यावर बसविता येऊ लागले. २०१६ मध्ये वायफाय अंगभूत झाले. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीतून तर हेडफोनची जोडणीच काढून टाकण्यात आली.

उभारणीची रीतही हळूहळू सुलभ झाली. मेमरी कार्डावर तयार प्रणाली उतरविणे, बाह्य हार्ड डिस्क जोडणे, संग्रहाचे फोल्डर दाखविणे आणि भ्रमणध्वनीवरून गाणे निवडणे इतक्याच पायऱ्या उरल्या. वीज अचानक गेल्यास कार्डावरील लेखन अर्धवट राहून प्रणाली बिघडते, हा भारनियमन अनुभवलेल्या महाराष्ट्रात दुर्लक्षिण्याजोगा दोष नाही. त्यावर पायकोअरप्लेअर या प्रणालीने उपाय योजला. ती सुरुवातीसच स्मृतीत उतरते आणि एरवी कार्डावर फारसे लिहीत नाही.

मालकीची कसोटी

या पद्धतीचे खरे महत्त्व संकटाच्या वेळी दिसून आले. स्लिम डिव्हायसेस २००६ मध्ये लॉजिटेकने विकत घेतली. २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स मालिका बंद झाली आणि २०२४ मध्ये तिची ऑनलाइन सेवाही संपुष्टात आली. एरवी अशा प्रसंगी उपकरणे निरुपयोगी ठरतात. येथे मात्र आज्ञावली मुक्त असल्याने स्वयंसेवकांनी ती लिरियन म्युझिक सर्व्हर या नव्या नावाने पुढे चालविली. रास्पबेरी पायवर ती चालते, जुनी स्क्वीझबॉक्स उपकरणे तिच्याशी बोलतात आणि मूळ उपकरण नसल्यास दुसरा रास्पबेरी पाय त्याची जागा घेतो. याउलट, श्रोत्यांनी स्वतःची गाणी ज्या गूगल प्ले म्युझिक सेवेवर चढविली होती, ती २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा त्यांना आपला संग्रह अन्यत्र हलवावा लागला. पहिल्या उदाहरणात कंपनी गेली, संग्रह जागच्या जागी राहिला; दुसऱ्यात कंपनी टिकली, पण संग्रहाला घर सोडावे लागले.

नोंदीचा प्रश्न आणि हिंदुस्थानी संगीत

संग्रह जतन करणे म्हणजे केवळ ध्वनी जतन करणे नव्हे. १९९६ च्या आयडी३ नोंदपद्धतीत शीर्षक, कलावंत व अल्बम यांना प्रत्येकी ३० अक्षरांची जागा होती आणि देवनागरीची सोय नव्हती. तिची रचना पाश्चात्त्य लोकप्रिय गीताला अनुसरून होती. एखाद्या ख्याल मैफलीची नोंद करताना राग, ताल, लय, बंदिश, घराणे, तबला व संवादिनीचे साथीदार आणि मैफलीचे स्थळ या सर्वांना स्थान हवे असते. फ्लॅकमधील नोंदी युनिकोडमध्ये असून त्यांत हवे ते नवे रकाने निर्माण करता येतात. त्यामुळे राग आणि ताल यांचे स्वतंत्र रकाने ठेवून त्यांतील माहिती देवनागरीतच नोंदविणे शक्य झाले; रकान्यांची नावे मात्र रोमन लिपीतच द्यावी लागतात.

महाराष्ट्रातील अनेक घरांत नाट्यसंगीताच्या व मैफलींच्या कॅसेट आजही आहेत. ६० मिनिटांच्या कॅसेटचे नेहमीच्या वेगाने अंकीय रूपांतर करण्यास ६० मिनिटे लागतात. फीत वर्षागणिक झिजते आणि साथीला कोण होते हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळीही कमी होत जातात. म्हणून ध्वनीपेक्षाही नोंदीचे काम अधिक तातडीचे ठरते. कायद्याचे भानही आवश्यक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापर व संशोधन यांसाठी न्याय्य उपयोगाची तरतूद आहे. तथापि त्यावरून सार्वजनिक वितरणाची मुभा मिळते असे समजणे चूक ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, घरगुती संगीत-सर्व्हर हा एका शोधाचा परिणाम नसून खुली ध्वनिपद्धती, मुक्त आज्ञावली आणि स्वस्त संगणक या तीन स्वतंत्र प्रवाहांचा संगम आहे. दुसरी, यांपैकी सर्वांत अल्पायुषी घटक यंत्र हाच आहे. संगणक व कार्ड बदलता येतात, म्हणून फाईलींची निदान एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या वास्तूत असणे अनिवार्य ठरते. तिसरी, मालकीबरोबर जतनाची जबाबदारीही श्रोत्याकडे येते. तबकडी पुसून पाकिटात ठेवणाऱ्या मागील पिढीने ती निष्ठेने पाळली, म्हणूनच ते स्वर आज ऐकू येतात. संगीत विभाग आणि ग्रंथालये असलेल्या महाविद्यालयांनी अल्प खर्चाच्या या साधनाचा विचार करून आपल्या परिसरातील कॅसेटसंग्रहांच्या नोंदी आताच करून घेतल्यास, माहितगार माणसे हयात असतानाच एक मोलाचा ठेवा त्यांच्या स्मरणासह सुरक्षित राहील.