पदर, रंग आणि अवकाश: ठाण्यातील घरगुती केकचा पूर्वेतिहास

ठाणे शहरात पूर्व द्रुतगती महामार्गावरून पोखरण रोड क्रमांक १ ज्या चौकातून आत वळतो त्याला कॅडबरी जंक्शन म्हणतात, आणि त्याच रस्त्याने रेमंडच्या जुन्या गिरणीवरून पुढे गेले की वर्तकनगर लागते. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीभोवती वाढलेल्या या भागात, आणि तसाच कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांत, मुलांच्या वाढदिवसासाठी घरी केलेला थरांचा केक आता नवलाचा राहिलेला नाही. त्यातही गडद निळ्या-जांभळ्या आकाशावर ग्रह-तारे मांडलेला अंतराळाचा केक मुलांच्या विशेष आवडीचा आहे, आणि तो बाटलीतल्या रंगांऐवजी हळद, बीट, पालक, गोकर्ण यांच्या रंगांत करण्याची धडपड अनेक घरांत चालते. हा पदार्थ पाहताक्षणी सर्वस्वी परका वाटतो. प्रत्यक्षात वरून आच देऊन भाजणे, पिठाचे पदर रचणे आणि वनस्पतींनी अन्न रंगवणे ही तिन्ही कौशल्ये उत्तर कोकणाला आणि त्याच्या दक्षिणेकडील किनाऱ्याला जुनीच आहेत; खरोखर नवा आहे तो त्यातला निळा आणि काळा रंग, आणि या केकच्या इतिहासातला सर्वांत रंजक भागही तोच आहे.

ठाणे आणि साष्टी बेटाचा परिसर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे, तर १७३९ मध्ये वसई घेईपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च ही त्या काळाची डोळ्यांना दिसणारी खूण. पण स्वयंपाकघरात राहिलेल्या खुणा अधिक चिवट ठरल्या. यीस्ट मिळत नसे तेव्हा ताडीने पीठ आंबवून पाव करण्याची रीत याच काळात किनाऱ्यावर रुजली, आणि ज्या स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्वतःसाठी ईस्ट इंडियन हे नाव घेतले त्या समाजाने ती जपली. मराठीचीच एक बोली घरात बोलणाऱ्या या लोकांच्या नाताळच्या ताटात कलकल आणि मार्झिपानच्या जोडीने थाली स्वीट असते, म्हणजे रवा, नारळ, बदाम, अंडी आणि साखर यांचे मिश्रण थाळीत ओतून भाजलेला व नंतर वड्या पाडलेला केक. मराठी भाषकांच्या घरात केक कधी आला या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुंबईतील इराणी बेकऱ्यांपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे, आणि ती ईस्ट इंडियन घरांवर अन्याय करणारी आहे. ठाणे, वसई आणि साष्टीतील ही घरे त्या बेकऱ्यांच्या कितीतरी आधीपासून भाजलेले गोड पदार्थ करीत होती.

भाजण्याची कला केवळ ख्रिस्ती घरांपुरती होती असेही नाही. कोकणात पावसाळ्यात तवशाचा, म्हणजे मोठ्या गावठी काकडीचा, कीस गूळ आणि तांदळाच्या रव्यात मिसळून धोंडस करतात, आणि चुलीच्या दिवसांत त्याचे पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरले जात, जेणेकरून वरची आणि खालची दोन्ही बाजू सारखी लाल व्हावी. पाठारे प्रभू आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांच्या घरांतले भानोलेही याच पद्धतीने होई. मुंबईच्या लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे १९१० मधील पुस्तक पाठारे प्रभूंच्याच स्वयंपाकाच्या परंपरेतून आलेले आहे. झाकणावरचे निखारे हा या सर्व पदार्थांतला समान दुवा असून, भट्टी किंवा ओव्हन नसलेल्या घरात कोरड्या उष्णतेने भाजण्याचा तो एकमेव भरवशाचा मार्ग होता.

थरांच्या बाबतीत या तंत्राचा कळस गोव्याच्या बेबिंकामध्ये दिसतो. नारळाचे घट्ट दूध, अंड्यांचा बलक, साखर, थोडा मैदा आणि जायफळ यांचे पातळ मिश्रण तुपाच्या हाताने भांड्यात एक पळी ओतायचे, वरच्या आचेने ते तांबूस होईपर्यंत थांबायचे, त्यावर तूप सोडून दुसरी पळी ओतायची, आणि असे सात किंवा त्याहून अधिक थर एकावर एक भाजत न्यायचे. घाई केली की खालचा थर कच्चा राहतो आणि कापताना पदर दिसण्याऐवजी नुसता लगदा हाती येतो. २०२३ मध्ये या पदार्थाला भौगोलिक मानांकन मिळाले. मराठी हिंदू घरात थरांची हीच हौस तळणीच्या वाटेने भागवली जाई: चिरोट्यांसाठी मैद्याच्या पातळ पोळ्या लाटून त्यांच्यामध्ये साटा, म्हणजे तूप आणि तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर फेसून केलेला लेप, लावायचा, पोळ्यांची घट्ट वळकटी करून तुकडे पाडायचे, ते अलगद लाटायचे आणि मंद तुपात पदर सुटेपर्यंत तळायचे. यातली एखादी पोळी गुलाबी आणि एखादी हिरवी करण्याची पद्धत दिवाळीच्या फराळात आजही आहे. वेगवेगळ्या रंगांचे पीठ आधी स्वतंत्र मळून मग एकावर एक रचणे, हे रंगीत थरांच्या केकमागचे तत्त्व चिरोटे करणाऱ्या बाईला कुणी शिकवावे लागले नसते.

रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचल्यावर ही गावे मुंबईच्या बाजारपेठेशी रोजच्या रोज जोडली गेली. ग्रँट रोडला १९१४ मध्ये सुरू झालेल्या बी. मेरवानसारख्या इराणी दुकानांचा मावा केक नोकरदारांना परिचित झाला, तरी गावात पाव भाजणारी भट्टी हीच सर्वसामान्य घराची बेकरी राहिली. मैदा, पिठीसाखर आणि तूप घरून मोजून न्यायचे, बेकरीतल्या माणसाकडून ते फेसून घ्यायचे, पत्र्यांवर गोळे मांडून भाजून घ्यायचे आणि नानकटाईचा डबा भरून घरी आणायचा, ही रीत मराठी मध्यमवर्गात अनेक पिढ्या चालली. केक घरातच करण्याचे धाडस मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातले. त्याला घरगुती गॅस, प्रेशर कुकर आणि १९५६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या वीकफिल्डसारख्या कंपन्यांच्या डब्यांतली बेकिंग पावडर यांचा आधार मिळाला, आणि अंडे न चालणाऱ्या घरांत आटीव दुधाचा डबा अंड्याच्या जागी आला. कुकरची शिटी आणि रबरी रिंग काढून, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून, त्यावर केकचे भांडे ठेवायचे, ही युक्ती १९७० आणि १९८० च्या दशकांत घरोघरी पोहोचली. या केकला आच फक्त खालून आणि बाजूंनी मिळे, त्यामुळे तळ करपण्याच्या बेतात आणि माथा पांढुरका, असे त्याचे रूप ठरून गेले होते. काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आणि पुढे ओटीजी आले तेव्हा झाकणावरच्या निखाऱ्यांची उणीव एकदाची भरून निघाली.

याच काळात ठाण्याचा कारखानदारी चेहरा घडत होता. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने आपले पहिले काम वर्तकनगरच्या शेजारच्या वागळे इस्टेटमध्ये हाती घेतले, आणि १९४८ पासून भारतात व्यवसाय करणाऱ्या कॅडबरीचा कारखानाही ठाण्यातच उभा राहिला. कोकोची बी ज्या घरांत कुणी कधी पाहिली नव्हती त्या घरांना कोकोची भुकटी आणि चॉकलेट ओळखीचे झाले, ते असे रस्त्याच्या वळणावर.

अन्नाला रंग देण्याची जुनी सामग्री मोजकी पण खात्रीची होती: केशरी भात आणि श्रीखंडासाठी केशर, तिखटाच्या पदार्थांसाठी हळद, सोलकढीच्या गुलाबीसाठी आमसूल, घारग्यांच्या पिवळ्या-तांबड्या छटेसाठी लाल भोपळा, आणि गुळाचा स्वतःचा तपकिरी. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला आणि त्यानंतरच्या अर्धशतकात अशा रंगांची रांग लागली. ते स्वस्त होते, चिमूटभर पुरत, आणि उष्णतेने फिके पडत नसत. जिलबी, बुंदी, साखरेच्या गाठी, नारळाच्या वड्या या सर्वांनी ते स्वीकारले. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने कोणते रंग चालतील हे ठरवण्यास आरंभ केला, आणि आज भारतात खाद्यपदार्थांसाठी केवळ आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: तीन लाल, दोन पिवळे, दोन निळे आणि एक हिरवा. २०११ च्या नियमांनुसार त्यांचे प्रमाण तयार पदार्थाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत असावे लागते. घरी थेंब मोजून रंग घालणाऱ्याला हे प्रमाण कळण्याचे साधन नसते, आणि अवकाशाचा गडद काळा-निळा रंग आणायचा म्हणजे बाटली हात सैल सोडूनच वापरावी लागते. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासाने काही कृत्रिम रंगांच्या मिश्रणाचा मुलांच्या अतिचंचलतेशी संबंध दाखवला, त्यानंतर २०१० पासून युरोपीय संघाने सहा रंगांवर इशारा छापणे सक्तीचे केले, आणि त्या सहांपैकी चार भारताच्या परवानगीच्या यादीत आहेत. आयांनी हळद आणि बीटकडे पुन्हा वळण्यामागे ही काळजी आहे, आणि ती रास्त आहे.

अवकाशाची ओढ या भागात कशी वाढली हेही पाहण्यासारखे आहे. १९७७ मध्ये वरळीला नेहरू तारांगण सुरू झाले, १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू येऊन गेला, आणि त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने बदलापूरच्या पुढच्या वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन रुजवले. शनिवारच्या संध्याकाळी चटई-सतरंजी घेऊन कर्जत लोकलने निघालेल्या डोंबिवली-ठाण्याच्या मुलांच्या पिढ्या आता स्वतः आईवडील झाल्या आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले तेव्हा पुढच्या पिढीलाही आपले निमित्त मिळाले.

या केकसाठी स्वयंपाकघराला जो रंग नव्याने शोधावा लागला तो निळा. मराठी ताटात पिवळा, तांबडा, हिरवा आणि पांढरा आहे. निळा पदार्थ त्यात नव्हता. तो रंग देणारा वेल मात्र कुंपणावर होता. गोकर्णाची फुले देवाला वाहिली जात, शिजवली जात नसत. मलेशियात मात्र याच फुलांच्या पाण्यात भात निळा करतात, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये त्यांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. सुकवलेली फुले गरम दुधात भिजवली की काही मिनिटांत दूध स्वच्छ निळे होते. त्यात लिंबाचा थेंब पडला तर तोच रंग जांभळा होतो, कारण त्यातली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये आम्ल आणि अल्क यांनुसार रूप पालटतात. म्हणूनच दह्यावर फुलवलेल्या बिनअंड्याच्या मिश्रणात गोकर्ण जांभळे पडते, तर लोणी आणि बलकाच्या पिवळेपणात मिसळल्यावर ते हिरवट दिसते. जाणत्या हाताची स्त्री हा रंग भाजायच्या पिठात घालतच नाही. ती तो पांढऱ्या क्रीममध्ये किंवा चायना ग्रासच्या पारदर्शक थरात वापरते, आणि एकाच वाटीतल्या निळ्याचा अर्धा भाग लिंबाने जांभळा करून तेजोमेघाच्या छटा मिळवते. बदलापूरच्या जांभळांचा रस याच कुळातला आहे; सोड्याशी गाठ पडली की तो करडा-हिरवा होतो, म्हणून त्यालाही क्रीममध्येच जागा.

हळदीचे वागणे याहून सूक्ष्म आहे. पिठात सोडा नीट मिसळला नसेल तर पिवळ्या थरात तांबूस ठिपके उमटतात, आणि नवशिक्या व्यक्तीला पीठ खराब झाल्याची शंका येते. हळदीतले कुर्क्युमिन अल्काच्या संगतीने लाल होते एवढेच त्याचे कारण आहे, आणि पारंपरिक कुंकवाचा लालपणाही त्याच गुणावर उभा आहे. कुंकू करणाऱ्यांना हे शतकानुशतके ठाऊक होते. स्वयंपाकघराने मात्र तयार रंगांच्या काळात ते विसरू दिले, आणि हे या इतिहासातले खरे नुकसान मानले पाहिजे. बीटचा किरमिजी रंग ओव्हनमध्ये तपकिरीकडे झुकतो, त्याला थोड्या लिंबाने धीर मिळतो. पालकाचा हिरवा मात्र आम्लाने मळतो, म्हणून दोघांची पिठे वेगळी ठेवावी लागतात. गुरूच्या पट्ट्यांसाठी हळद, बीट आणि कोको यांचे थर, पृथ्वीच्या अंतर्भागासाठी गाजर आणि केशराचे थर, अशी रचना करताना प्रत्येक थराचे आंबटपण स्वतंत्रपणे सांभाळण्याचे काम सजावटीपेक्षा अवघड असते.

काळ्याचा प्रश्न कोकोने सोडवला. साधी कोको भुकटी आम्लधर्मी आणि फिकट तपकिरी असते; हॉलंडमधील व्हॅन हौटेन घराण्याने एकोणिसाव्या शतकात तिच्यावर अल्काची प्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली, आणि ही प्रक्रिया जितकी तीव्र तितकी भुकटी काळपट होत जाते. अशा भुकटीत सोड्यावर फुलणारा केक नीट फुगत नाही, कारण सोड्याला लागणारे आम्ल तिच्यात उरलेले नसते. तिथे बेकिंग पावडर वापरावी लागते किंवा थोडे दही घालावे लागते. ती भुकटी नैसर्गिक म्हणायची का, यावर घरी केक करणाऱ्या स्त्रियांत दोन मते आहेत, आणि ज्यांना ती मान्य नाही त्या साध्या कोकोचा गडद तपकिरी थर करून त्यावर गोकर्णाच्या निळ्या क्रीमचा हात फिरवतात, ज्यामुळे रात्रीच्या आकाशाला लागणारा काळोख रंग न घालताच येतो. तारे म्हणून खसखस पेरली जाते, आणि केक जानेवारीत असेल तर संक्रांतीच्या डब्यातला काटेरी हलवाही.