वनस्पतिधाग्यांच्या प्लॅस्टिकला अग्निरोधाची जोड

ताग, जवस, अंबाडी, घायपात आदी वनस्पतींच्या धाग्यांनी मजबुती दिलेले प्लॅस्टिक १९९०च्या दशकापासून मोटारींच्या दारांच्या आतील भागांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले. जर्मन मोटार उद्योग त्यात आघाडीवर होता. काचतंतूंची घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे अडीच ग्रॅम, तर या धाग्यांची सुमारे दीड ग्रॅम असते. साहजिकच वाहनाचे वजन घटते. मात्र काच जळत नाही, धागा जळतो. रेल्वेचे डबे आणि विमाने यांत या पदार्थाचा वापर करण्यातील ही मोठी अडचण आहे.

दोन्ही घटक ज्वलनशील

हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. पॉलिप्रोपिलीन या नेहमीच्या प्लॅस्टिकला जळत राहण्यासाठी सुमारे १८ टक्के प्राणवायू पुरतो. धाग्यातील हेमिसेल्युलोजचे विघटन २०० अंश सेल्सिअसच्या पुढे, तर सेल्युलोजचे प्रामुख्याने ३०० ते ४०० अंशांदरम्यान होते आणि त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. धागा वितळत नाही. समईतील वातीप्रमाणे तो वितळलेले प्लॅस्टिक ज्योतीपर्यंत पोचवतो. धाग्यामुळे आगीचा सर्वोच्च भडका काहीसा कमी होत असला, तरी पदार्थ सहसा लवकर पेट घेतो.

उपायांचे तीन मार्ग

पहिला मार्ग खनिजांचा. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड तापले की पाण्याची वाफ सोडते आणि उष्णता शोषून घेते. परंतु परिणाम साधण्यासाठी त्याचे प्रमाण अनेकदा एकूण वजनाच्या निम्म्याहून अधिक ठेवावे लागते. त्यामुळे पदार्थ जड व ठिसूळ होतो.

दुसरा मार्ग ब्रोमीनयुक्त रसायनांचा. ती थोड्या मात्रेत ज्योत दाबतात. पण त्यांचा धूर दाहक असतो आणि त्यांतील काही रसायने पर्यावरणात दीर्घकाळ टिकतात. स्टॉकहोम करारान्वये अशा काही रसायनांवर २००९ आणि २०१७मध्ये निर्बंध आले.

तिसरा मार्ग फॉस्फरसचा. अमोनियम पॉलिफॉस्फेट तापल्यावर आम्ल तयार होते. ते सेल्युलोजमधील पाणी काढून घेते आणि कोळशाचा थर मागे उरतो. हा थर उष्णता व प्राणवायू अडवतो. पॉलिप्रोपिलीन स्वतः कोळसा बनवत नाही. ती उणीव धागा भरून काढतो. जो घटक आगीचे इंधन ठरतो, तोच येथे ढाल बनतो. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२१मध्येच अमोनियमचे क्षार व टाकणखार यांनी कापडाची ज्वलनशीलता कमी करता येते, हे दाखवले होते.

मर्यादा आणि चाचण्या

हाच मार्ग आज अधिक आश्वासक मानला जातो. तरीही तो निर्दोष नाही. आम्लामुळे धागा कमकुवत होऊ शकतो. धाग्यावर केवळ लेप दिला असेल, तर ओलाव्याने तो निघून जाण्याची शक्यता असते. शिवाय साच्यातील तापमान २०० अंशांच्या फार वर गेल्यास धागाच करपतो.

चाचण्यांतही फरक आहे. अमेरिकेतील मोटारींच्या नियमानुसार आतील साहित्यावर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. युरोपातील रेल्वेसाठीच्या, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकात उष्णता, धूर व विषारी वायू यांचेही मापन होते. बंदिस्त जागेतील आगीत ज्वाळांइतकाच धूर प्राणघातक ठरतो. म्हणूनच ही कसोटी महत्त्वाची. ‘अग्निरोधक’ याचा अर्थ ‘न जळणारे’ असा नव्हे. प्रवाशांना बाहेर पडण्यास काही मिनिटे अधिक मिळावीत, हेच या साऱ्या खटाटोपाचे उद्दिष्ट असते.