प्राध्यापक स्टॅग

अ‍ॅमोस अलोंझो स्टॅग यांचे नाव अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात विजयांच्या हिशेबात येते. (हा फुटबॉल म्हणजे चेंडू कवटाळून धावण्याचा, अंगावर धडकण्याचा खेळ, आपल्या परिचयाचा नव्हे.) आम्हांला मात्र हे चरित्र विद्यापीठ कशाला शिक्षण मानते, या प्रश्नासाठी वाचावेसे वाटते.

स्टॅग यांचा जन्म १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. येल येथे ते धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होते. पण आपल्याला वक्तृत्व नाही, या जाणिवेने त्यांनी तो मार्ग सोडला. तेथेच हिब्रू शिकवणारे विल्यम रेनी हार्पर पुढे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. १८९२ साली विद्यापीठ उघडताना त्यांनी स्टॅगना बोलावले, ते थेट प्राध्यापकवर्गातले कायम पद देऊन. खेळ शिकवणाऱ्याला असा मान तोवर कोणी दिला नव्हता. अर्थात, नव्या विद्यापीठाला प्रसिद्धी हवी होती, हेही हार्पर जाणून होते. १९०५ मध्ये स्टॅगच्या संघाने ५६ सामने अपराजित राहिलेल्या मिशिगनला २-० असे हरवले.

विरोधाभास असा, की ज्या पदाने त्यांना संरक्षण दिले, त्याच पदाच्या नियमाने त्यांना घालवले. सत्तरी गाठताच, १९३२ च्या हंगामानंतर, इतर प्राध्यापकांप्रमाणे त्यांनाही निवृत्त व्हावे लागले. दिलेले दुसरे काम नाकारून ते कॅलिफोर्नियातील स्टॉकटनच्या एका लहान महाविद्यालयात गेले आणि तेथे १९४६ पर्यंत शिकवत राहिले. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

इकडे शिकागोत अभिजात ग्रंथांच्या अध्ययनाचे पुरस्कर्ते रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष होते. १९३९ मध्ये त्याच मिशिगनकडून शिकागोने ०-८५ असा पराभव पत्करला आणि त्या डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. साहित्य शिकवणारे म्हणून आमचा कौल सहजच हचिन्सकडे जातो. तो इतका सहज जातो, याचीच थोडी शंका येते. कारण चाळीस वर्षे मुलांसमोर उभा राहिलेला तो माणूसही शिक्षकच होता.

स्टॅग १९६५ मध्ये, १०२ व्या वर्षी वारले. त्यांच्या नावाच्या मैदानातील पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुशृंखला साधली होती. १९७० पासून त्या मैदानाच्या जागी विद्यापीठाचे रेगेनस्टीन ग्रंथालय आहे.