एकाच सालातले दोन कागद

१८८४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापलेले दोन कागद मी शेजारी शेजारी ठेवून, उंदरांचा माग काढत वाचतो. एक प्रमथनाथ बोस यांचा नर्मदेच्या खालच्या खोऱ्यावरचा ग्रंथ. त्याची हद्द नेमावर ते कवांट, म्हणजे आजच्या देवास जिल्ह्यातून धार ओलांडून गुजरातपर्यंत. दुसरे रॉबर्ट ब्रूस फूट यांचे कर्नूलजवळच्या बिल्ला सुरगम गुहांवरचे टिपण.

बोस यांनी धारमधल्या देवला आणि चिराखान या गावांची नावे खडकाच्या थराला दिली. बाघ भागातल्या या थरांत समुद्री प्राण्यांचे अवशेष सापडतात. इथे समुद्र होता तेव्हा उंदराच्या कुळाचा जन्मही झालेला नव्हता. नर्मदेकाठचा गाळ मात्र फार अलीकडचा. त्यातून एकोणिसाव्या शतकात नावारूपाला आले ते हत्ती आणि बैल. दोघांच्याही शास्त्रीय नावात ‘नॅमॅडिकस’, म्हणजे नर्मदेचा. नदीकाठाने चालणाऱ्याला हत्तीचा सुळा दिसतो, उंदराचा दोन मिलिमीटरचा दात दिसत नाही. जुन्या याद्यांत मोठ्या जनावरांची गर्दी आहे तिचे मुख्य कारण मला हेच वाटते.

बिल्ला सुरगमच्या गुहांची हकीकत वेगळी. कॅप्टन न्यूबोल्डने त्यांतल्या हाडांविषयी १८४४ मध्ये लिहिले आणि पुढे चाळीस वर्षे कोणी हात लावला नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सले यांनी मद्रासचे गव्हर्नर ग्रँट डफ यांना आग्रह केला, तेव्हा फूट गेले. नंतर खणण्याचे काम त्यांचा मुलगा, तोफखान्यातला लेफ्टनंट हेन्री फूट, याने पुढे नेले. हाडे जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लायडेकरकडे गेली आणि १८८६ मध्ये यादी छापून आली.

ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. तिच्यात घूस आहे, साळिंदर आहे, झुडपी रानातला गोलुंडा उंदीर आहे, उघड्या कोरड्या माळावर बिळे करणारा जर्बिल आहे. आणि त्यांच्याच पंगतीला मोठी खार, आपल्या शेकरूची सख्खी बहीण. तिला फांदीला फांदी भिडलेले रान लागते. झुबकेदार शेपटीच्या साळिंदराची एक जातही आहे. तिचे आजचे भाऊबंद ईशान्येकडच्या जंगलांत राहतात. माळ आणि दाट झाडी, दोन्ही एकाच गुहेच्या आसपास.

मोठे जनावर दूरवर भटकते. उंदीर वर्ष-दोन वर्षांचे आयुष्य थोड्याशा जागेत काढतो, म्हणून त्याची साक्ष त्या ठिकाणापुरती पक्की. घुबड आसपासचे उंदीर गिळते आणि हाडे-दातांचा गोळा ओकून टाकते. गुहांत असे दात साठतात. पण एक सावधगिरी हवी. गुहेतला गाळ हजारो वर्षे साचत जातो. माळ आणि रान एकाच काळी होते की एकामागून एक, हे थर वेगळे ठेवल्याशिवाय सांगता येत नाही, आणि नुसत्या यादीत थर दिसत नाहीत.

५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना सीहोर जिल्ह्यात नर्मदेकाठच्या हथनोऱ्याला मानवी कवटीचा भाग सापडला. त्यानंतर नर्मदेच्या गाळाकडे बारकाईने पाहणे वाढले. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले राजीव पटनायक यांनी त्या खोऱ्यातल्या उंदरांच्या दातांचा अभ्यास केला. त्यासाठी माती पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुवावी लागते, आणि उरलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडावा लागतो.

हथनोरा नदीच्या वरच्या अंगाला आहे. तिथून खाली आलेले पाणी नेमावरला पोचते, आणि बोस यांचा नकाशा तिथूनच सुरू होतो.