कोसीचा गाळ

पुराचा विचार करताना माणसाचे लक्ष बहुधा पाण्याकडे जाते. पाण्याबरोबर येणाऱ्या मातीकडे जात नाही. उत्तर बिहारातील कोसी नदीचा इतिहास मात्र मुख्यतः या मातीचाच इतिहास आहे.

सुनकोसी, अरुण आणि तमूर यांच्या संगमातून सिद्ध झालेली ही नदी नेपाळातील चतरा येथे डोंगर सोडून सपाटीवर उतरते. हिमालयाच्या ठिसूळ उतारांवरून ती दरवर्षी सुमारे १० कोटी टन गाळ आणते. उतार संपला की वेग ओसरतो, आणि वेग ओसरला की हे ओझे तिला पेलवत नाही. प्रथम दगडगोटे, मग वाळू आणि अखेरीस बारीक माती तळाशी बसते. पात्र उथळ होते आणि नदी शेजारची सखल वाट धरते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्णियाजवळून वाहणारी कोसी पुढील सुमारे दोनशे वर्षांत १०० किलोमीटरांहून अधिक पश्चिमेस सरकली, ती यामुळेच.

अशा नदीला बांध घालावेत की नाहीत, हा वाद जुना आहे. १९३७ साली पाटण्यास भरलेल्या पूर परिषदेत बिहारचे मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी बांधांविरुद्ध स्पष्ट मत दिले होते. परंतु १९५३ च्या पुराने लोकांची दैना उडाली आणि शासनाला स्वस्थ बसणे अशक्य झाले. १९५४ साली नेपाळशी करार झाला, १९५५ मध्ये दोन्ही तीरांवर बांधांचे काम सुरू झाले आणि १९६३ मध्ये भीमनगरजवळच्या बॅरेजमधून नदी वाहू लागली. तिची पश्चिमेकडील वाटचाल थांबली. कालव्यांचे पाणी शेतांना मिळाले. हे यश लहान नव्हते.

पण पाणी अडले तरी गाळ यावयाचा थांबला नाही. पूर्वी विस्तीर्ण प्रदेशावर पसरणारी माती आता दोन बांधांच्या मध्येच साचू लागली. तेथे राहिलेल्या शेकडो गावांच्या वाट्याला दरसालचा पूर आला, आणि बांधांबाहेरची जमीन नदीच्या तळाहून सखल होत गेली. १९६३ मध्ये डलवा येथे आणि १९८४ मध्ये नौहट्टा येथे बांध फुटले.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे पूर्वेचा बांध फुटला. साडेनऊ लाख क्युसेक पाण्यासाठी आखलेल्या या बांधाशी त्या दिवशी जेमतेम दीड लाख क्युसेकच्या आसपास पाणी होते. नदी आपल्या जुन्या वाटांनी वाहू लागली. सुरक्षित म्हणून वसलेल्या मुलुखात शिरली आणि एकट्या बिहारात ३० लाखांहून अधिक लोकांना तिची झळ पोहोचली.

बांध उंच करणे हा यावरचा उपाय काही काळापुरताच असतो. कारण बांधामागोमाग तळही चढत जातो. डोंगरातील धूप शक्य तेवढी आवरणे, साचलेली वाळू वेळच्या वेळी हलविणे, बांधांची निगा अखंड राखणे आणि मातीला पसरावयास निश्चित जागा सोडणे, ही कामे संथ व अप्रसिद्ध आहेत. परंतु नदी आपल्या गाळाचा हिशेब दरवर्षी मांडते. तो राज्यकर्त्यांनी एखाद्या पिढीत मिटवून टाकण्याजोगा नाही.